खदानीतली एक मिनिटाची शांतता

भुताचा आवाज कसा काढतात ते मला विचारा, मी सांगतो. आमच्या म्हशीचं रेडकू जरा लांब बांधलं की ती जी हंबरते ना... तो आवाज रेकॉर्ड करायचा, निम्म्या वेगानं चालवायचा, वरून थोडा घुमवायचा, झाली हडळ तयार! हाडं मोडल्याचा आवाज? ज्वारीची वाळलेली धाटं माइकजवळ धरायची आणि कडाकडा मोडायची. पैंजण म्हणजे माझ्या चाव्यांचा जुडगा. त्यामुळे कॉमेंटमध्ये कुणी लिहिलं की "दादा, मागं एक बाई रडून राह्यली, तुम्हाला आली का ऐकू?" तर मी सरळ उत्तर देतो, बाबा, ती म्हैस आहे.

हे आधीच सांगून टाकतोय, कारण पुढचं वाचून मला कुणी भोळसट समजू नये. अंगात येणं, भानामती, पौर्णिमा-अमावास्या, यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी हा अनुभव लिहितोय. का, ते शेवटी कळेलच.

मी प्रकाश. जालना एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत शिफ्टला असतो. सुट्टी मिळाली की गावाकडे, केदारखेड्याला. तिथे वैभव नावाचा माझा वर्गमित्र भुताच्या गोष्टींचं यूट्यूब चॅनल चालवतो. डायरेक्टर तो, कॅमेरा त्याचा, आवाजाचं खातं माझं. बाकी गावातली पोरं मिळेल ते काम करतात. रात्री शूट करायला आमच्याकडे लाइट नाहीत, म्हणून भर दुपारी शूट करतो आणि नंतर निळा रंग चढवून रात्र करतो. घामाघूम झालेली भुतं आहेत आमची! पण लोक बघतात.

आमचे सगळ्यात मोठे प्रेक्षक म्हणजे माझे नाना. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. तरुणपणी भुताचा पिक्चर लागला की सायकल हाणत भोकरदनला जायचे, आणि परत येताना भीती वाटते म्हणून नाक्यावर कुणाची तरी सोबत मिळेपर्यंत बसून राहायचे. हे ते स्वतःच हसत सांगायचे. मोबाइल आल्यापासून तर काही विचारू नका. कुठे माशांचा पाऊस पडला, कुठे दोन तोंडांचं वासरू झालं, कुठल्या गावात दगड आपोआप चालतात... सकाळी उठलं की नानांची एक तरी विचित्र बातमी मोबाइलवर आलेली असायची. मी लगेच त्याच्यामागचं शास्त्र लिहून पाठवायचो. वावटळीत तळ्यातले मासे उचलले जातात नाना, त्यात चमत्कार नाही. मग त्यांचा फोन यायचा, "तुला तर बिलकुल सगळंच म्हाईत. जरा मजा घेऊ दे की माणसाला!"

त्यांची एक खास सवय होती. काही काम असलं की फोनवर म्हणायचे, "घाई न्हाई, पण ये." काम कितीही निकडीचं असो. बैल मरायला टेकला होता तेव्हाही हेच म्हणाले होते. आमच्या घरात सगळे त्यांची नक्कल करायचे.

आमच्या व्हिडिओंत नाना दोन-तीनदा वेताळ झाले होते. मुखवटा चढवून असे काही नाचले की पोरं खरोखर घाबरली. पण बोलायचं म्हटलं की मूग गिळून गप्प. "माझा आवाज नको रे, त्यो तुझ्या म्हशीचाच लाव." मी लावला. त्यांचा एक शब्दही कुठे घेतला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. उन्हाळा सुरू झाला होता. शूटिंग गावामागच्या टेकडीखाली, बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत. तिथे काठावर एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे. वैभवला हडळ त्या झाडावरून उलटी लटकलेली हवी होती. कडब्याची बाहुली केली, तिला साडी नेसवली, केस लावले... आणि ऐन वेळी लक्षात आलं, दोर कुणी आणलाच नाही. मी वैभववर जाम भडकलो. डायरेक्टर म्हणवतो आणि साधा दोर आणत नाही!

तेवढ्यात नाना बघायला आले. म्हणाले, "दोर काय, मळ्यातून आणतो की!" आणि गेले आणि घेऊन आले. शेततळ्याचा दोर.

ज्यांनी शेततळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठा चौकोनी खड्डा, आत सगळीकडून प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही, पाय सटकतो. म्हणून प्रत्येक तळ्याला काठावरच्या लोखंडी अँगलला बांधून एक गाठींचा दोर आत सोडलेला असतो. तो कुणी काढत नाही. पोरांनाही ते माहीत असतं.

मी म्हणालो, "नाना, हा कशाला काढला? ठेवून या परत."

"अरे, एक दिवस दोर न्हाई तर मी काय तळ्यात पडून राह्यलो का? तुमची हडळ चांगली झाली पाह्यजे. मोटरीकडं बघून येतो मंग." हडळ लटकलेली बघून टाळी वाजवली, वैभवला म्हणाले, "जीभ अजून बाहेर काढ तिची," आणि चालत मळ्याकडे गेले. पिक्चरच्या हौसेपुढे त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. ती शेवटची वाक्यं होती जी मी माझ्या कानांनी ऐकली.

मळा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. पायवाटेनं टेकडी ओलांडता येते, पण बाइकनं जायचं तर कच्च्या रस्त्यानं पूर्ण वळसा. खदानीतून मळा दिसत नाही. बैलांना हाकारलं तर इकडे ऐकू येत नाही, हे मी लहानपणापासून जाणतो.

आता आमच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आहे. सीन संपला की आवाजवाला तिथली शांतता रेकॉर्ड करतो. सगळे जिथल्या तिथे उभे, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि मिनिटभर नुसती त्या जागेची शांतता. वारा, पाखरं, पानांची सळसळ. नंतर दोन वाक्यांच्या मधे ती भरायला लागते, नाहीतर आवाज तुटका वाटतो. आमची पोरं त्याला "पक्याची श्रद्धांजली" म्हणतात आणि हसू दाबत माना खाली घालून उभी राहतात. नालायक!

हडळीचा सीन झाला. मी ओरडलो, "शांतता!" हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. वारा जवळजवळ नव्हताच. एक होला घुमत होता. आणि त्या शांततेत, माझ्या कानाशी—

"पक्या, दोर घेऊन ये. घाई न्हाई, पण ये."

नानांचा आवाज. दमलेला नाही, घाबरलेला नाही, नेहमीचा. माइकपासून हातभरावर उभं राहून बोलावं तसा.

मला पहिल्यांदा काय आलं, तर राग! मिनिटभर गप्प बसवत नाही का या माणसाला? डोळे उघडले आणि म्हणालो, "नाना, बास ना आता!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना नव्हतेच. ते झाडामागे लपून घाबरवतात हे मला माहीत होतं, म्हणून झाडामागे बघितलं, दगडांमागे बघितलं. कुणी नाही. पोरं म्हणाली, आम्ही काहीच ऐकलं नाही. वैभव म्हणाला, "ऊन लागलं का तुला?"

मी रेकॉर्डिंग मागे घेऊन हेडफोन त्याच्या कानावर ठेवला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "आयला, हे तर नाना आहेत! कधी बोलले?"

बाइकच्या डिकीतून मोबाइल काढून नानांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

खरं सांगतो, तेव्हाही मला काही अघटित वाटलं नाही. काहीतरी खोडी केली असेल, माइकला काही लावून ठेवलं असेल, एवढंच डोक्यात. पण दोर मागतायत ना, तर देऊन टाकू दोर! मी तिरीमिरीत झाडावर चढलो आणि दोर सोडला. हडळ धपकन खाली पडली. वैभव बोंबलायला लागला, "अरे, क्लोजअप राह्यलाय माझा!" मी दोर खांद्याला अडकवून बाइकला किक मारली. तो शिव्या देत त्याच्या बाइकवर मागे आला.

तळ्याच्या बांधावर नानांच्या चपला होत्या. शेजारी मोबाइल.

नाना पाण्यात होते. हनुवटीपर्यंत. डावा हात मोटरीच्या पाइपाला विळखा घातलेला, उजवं अंग पाण्यात नुसतं तरंगत होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते. मी ओरडलो, "नाना, धरा!" आणि दोर फेकला. पण पाइप सोडला असता तर गेलेच असते. दुसरा हात हालतच नव्हता.

मग दोराचं एक टोक अँगलला, दुसरं माझ्या कमरेला. उतरलो. पाय असे सटकले की सरळ गळ्याएवढ्या पाण्यात. नानांना मिठी मारली. तोवर वैभव पोचला होता, त्यानं वरून ओढलं. तो वाटेतली एकही शिवी विसरला नव्हता, पण रडत होता. मी पण रडत होतो. दोर हातात नसता तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. विचार न करता उडी मारली असती, आणि वैभवला वर चार चपला मिळाल्या असत्या.

भोकरदन, तिथून जालना. लकवा. डॉक्टर म्हणाले, तळ्याच्या काठावर झटका आला आणि म्हणून पडले असणार. वेळेत आणलं म्हणून वाचले, पण वाचा गेली. मी डॉक्टरांना विचारलं, पाण्यात असताना ते हाक मारू शकले असते का? त्यांनी मान हलवली. "या प्रकारात वाचा झटक्याबरोबरच जाते. वाक्य जुळवणं तर लांबच, तोंडातून शब्द निघणं मुश्कील."

आता तुम्ही जे जे सुचवणार आहात ते सगळं मी करून बसलोय. जुना आवाज कार्डावर राहिला असेल? कार्ड त्याच दिवशी नवं घातलं होतं. मोबाइलचा आवाज पकडला? माझा मोबाइल बाइकच्या डिकीत होता. वाऱ्यानं टेकडीवरून आवाज वाहून आणला? थंडीच्या पहाटे लांबचे आवाज जवळ येतात, हे शास्त्र मला माहीत आहे. पण ही भर उन्हाची दुपार होती. आणि लांबून आलेला आवाज घुसमटलेला, विरलेला असतो. मी खदानीत परत जाऊन बसलो आणि वैभवला मळ्यातून घसा फुटेस्तोवर ओरडायला लावलं. होल्याशिवाय काही ऐकू आलं नाही. पुण्याच्या एका आवाजवाल्या मित्राला काही न सांगता तो तुकडा पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काका माइकच्या फार जवळ आलेत, पुढच्या वेळी जरा लांब उभं कर." बस्स.

खुद्द नानांनाच विचारलं. बोटं हालायला लागल्यावर एकदा हेडफोन लावून त्यांना ऐकवलं. ऐकता ऐकता डोळे भरले, आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारून हसले. मी विचारलं, "नाना, तुम्ही बोललात का हे?" त्यांनी मान नाही म्हणून हलवली. मग हो म्हणून हलवली. डॉक्टर म्हणतात, या आजारात हो-नाहीची अदलाबदल होते, त्यावर जाऊ नका. म्हणजे तोही दरवाजा बंद.

काकूला मी हे सांगणारच नव्हतो. वैभवनं सांगितलं. तिनं एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं आता देव, नवस, अंगारा सुरू होणार, आणि मी भांडायच्या तयारीत होतो. पण ती एवढंच म्हणाली, "प्रकाश, त्याच्यात अजून काही बोलले का बघ की. तेवढंच हाये आपल्याकडं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरात नानांचा आवाज दुसरा कुठेच नाही. लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडे गाणी. मोबाइलवर नुसत्या बातम्या पाठवलेल्या. आमच्या व्हिडिओत म्हैस. माझ्याकडे होते ते सगळे शांततेचे तुकडे मी काढून ऐकले. प्रत्येक भागाचे, प्रत्येक सीनचे. पाखरं होती, वारा होता, पोरांचं दाबलेलं हसू होतं. नाना नव्हते.

मी आजही काही मानत नाही. याला काहीतरी कारण असणार, आणि ते मला सापडलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

फक्त एक सवय लागली आहे. गावी गेलो की नानांच्या खाटेशेजारी माइक ठेवतो, हेडफोन लावतो आणि मिनिटभर शांतता रेकॉर्ड करतो. नाना माझ्याकडे बघत असतात. पंखा फिरत असतो. काकू दारात उभी राहते, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पोटाशी धरून. मिनिट संपलं की विचारते, "आलं का रे काही?"

मी म्हणतो, "न्हाई अजून."

नुसतं "न्हाई" म्हणायला पाहिजे. दर वेळी ठरवतो. जमत नाही.