डॉक्टरची बादली आणि फुकटचे हॉप्स

किस्से काय कोणी गोळा करायला बसत नाही. तव्याला काजळी धरते तसे ते आपोआप धरतात. मी इथं जपानात, निशी-कसाईत स्टेशनजवळच्या हॉटेलात फोडण्या देतो, सोळा वर्षं झाली. तवा रोज घासतो. पण आमच्या डॉक्टरनं बिअरची बादली घरात आणली तेव्हापासून ही दुसरी काजळी काही हटेना!

डॉक्टर म्हंजे सुहास. सुईवाला डॉक्टर नव्हे, युनिव्हर्सिटीतला. कसलीतरी पावडर भट्टीत घालतो, काढतो, बघतो, मान हलवतो, परत घालतो. त्याची बायको विद्याताई. ती जपानी अशी बोलते, वाचते की इथले लोक तिला रस्ता विचारतात. आन् तिसरा मंदार. कावासाकीला कॉम्प्युटरवर असतो, दर रविवारी गाडी बदलत बदलत इकडं जेवायला येतो.

आता इथं घरी बिअर करायची तर दारूचा अंश एक टक्क्याच्या आत पाहिजे, असा कायदा. आन् आमचा डॉक्टर असला सरळ, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसलं तरी लाल सिग्नलला उभा! मोजून मापून झिरो पॉइंट नऊ.

मी म्हटलं, "अरे, मग त्यात उरलं काय?"

"कडूपणा, तात्या! आन् कडूपणा येतो हॉप्समुळं."

हॉप्स म्हंजे एका वेलाची हिरवी फुलं. वाळवून एवढ्याशा पाकिटात विकतात. किंमत अशी की त्यापुढं केशर गरीब वाटावं! म्हणून डॉक्टरनं ठरवलं, बाकी काही असो, हॉप्सवर पैसा घालवायचा नाही.

बादली बसायची न्हाणीत. विद्याताईला आंघोळीला जाताना ती ओलांडावी लागायची. तिनं अट घातली, "ज्या दिवशी एखादा पाहुणा स्वतःहून दुसरा ग्लास मागेल, त्या दिवशी बादली या घरची. तोवर ती पाहुणी!"

मी डॉक्टरला विचारलं, "एवढा कशाला जीव टाकतोस रे एका बादलीवर?"

तर म्हणाला, "तात्या, लॅबमध्ये तीन वर्षं झाली, काही होत नाही. हिच्यात दोन आठवड्यांत काहीतरी होतं!"



* * *

मोठा भूकंप होऊन वीजकेंद्रं बंद पडली त्या वर्षीचा उन्हाळा. वीज वाचवा, वीज वाचवा. एसी लावायचा तर अठ्ठावीसवर, नाहीतर नाहीच. लोकांनी खिडक्यांवर कारल्याचे वेल चढवले, ऊन आत येऊ नये म्हणून. आख्खी बिल्डिंग बाहेरून मांडवासारखी दिसायची.

डॉक्टर म्हणाला, "सगळे कारली लावतात. आपण हॉप्स लावू! पडद्याचा पडदा, फुलांची फुलं."

रोप महाग म्हणून बिया मागवल्या. चारांतलं एक उगवलं. पण काय उगवलं! रोज हातभर वाढायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात गॅलरी ओलांडून वरच्या मजल्यावर गेलं. डॉक्टर रोज सकाळी त्याला पाणी घालायचा, लॅबला जाताना सांगून जायचा, "येतो हं."

फुलं आली. चिमणीच्या दाण्याएवढी, नुसती पिवळी भुकटी झडणारी. डॉक्टर भिंग घेऊन बसला. मंदारनं फोनवर शोधलं. मग डॉक्टरनं भिंग खाली ठेवलं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"तात्या, बिअरला मादी वेलाची फुलं लागतात. हा नर निघाला."

विद्याताई आत कणीक मळत होती. तिथूनच ओरडली, "म्हंजे दोन वर्षं खातो, पितो, गॅलरी अडवतो आन् उपयोग काही नाही? घरात एक होता की आधीच!"

* * *

मग मंदारला नदीकाठ आठवला. तिथं बांधावर सेम तसल्याच पानांचा वेल पसरलेला असतो, मैलभर! फुकट! आन् फुलंही हिरवी, गुच्छाची.

दोघं निघाले दोन पोती घेऊन. मंदार हाफपँट, हाफशर्ट. मी पण गेल्तो, म्हटलं करमणूक होईल.

त्या वेलाला बारीक काटे असतात, करवतीसारखे. अर्ध्या तासात मंदारच्या हातापायांवर असे ओरखडे, की पाच मांजरी भांडल्या! तेवढ्यात एक जपानी आजोबा फिरायला आले. थांबले. बघत राहिले. मग टोपी काढून वाकले.

"तुम्ही परदेशातले असून आमचा बांध साफ करताय? फार उपकार झाले!"

ते निघाले स्वयंसेवक मंडळाचे पुढारी! हे तण त्यांना दरवर्षी काढावं लागतं. डॉक्टर 'नाही' म्हणायला गेला, पण त्याला जपानीत 'नाही' म्हणताच येत नाही. मी आजोबांना लांबून खुणेनं सांगितलं, ह्या दोघांना भारी आवड आहे! आजोबांनी हातमोजे दिले, विळे दिले, नावं लिहून घेतली. दुपारपर्यंत दोघांनी बांध भादरला. शेवटी एकेक चहाची बाटली मिळाली.

त्या पाल्याची बिअर केली तर तिला वास ना चव. तो वेल हॉप्सचा नुसता चुलतभाऊ निघाला, कर्तृत्व शून्य! पण मंडळाचा फोन पुढं सगळा सीझन दर रविवारी यायचा.

सोमवारी मंदार ऑफिसात गेला. साहेबानं त्याचे हात बघितले, दार लावून घेतलं आन् हळूच विचारलं, "मंदार-सान, घरी सगळं ठीक आहे ना?"

मंदारचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही!

* * *

ह्यातला पुढचा गुन्हा माझा. कबूल करतो.

डॉक्टर एकदा हॉटेलात तोंड पाडून बसला होता. मी कारली चिरत होतो. सहज म्हटलं, "हॉप्स कशाला रे? आमच्या गावाकडं कारलं घालायचे."

खोटं! साफ खोटं! आमच्या गावात बिअर बाटलीतनंच निघते.

डॉक्टरनं वही काढली. "किती वेळ उकळायचं, तात्या?"

"पाव्हणे जायला उठेस्तोवर."

ते पण लिहिलं!

"सोबत काही?"

"मेथ्या. मूठभर. पण डाव्या हातानं."

दोन आठवड्यांनी बिअर आली. रंग असा की शेवाळ बरं. मंदारनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आन् विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, दिवसातून किती वेळा?"

मी आपला हसून हसून विसरलो. महिन्यानं हॉटेलात डॉक्टरच्या लॅबमधले दोन जपानी आले, टाय लावून. डॉक्टरनं लॅबमध्ये 'महाराष्ट्रातली पारंपरिक पद्धत' म्हणून तिच्यावर भाषण दिलं होतं! ते मला विचारतात, "हे किती जुनं आहे?"

डॉक्टर मागं उभा. तोंडावर कसला अभिमान! पोराचं मन मोडायला नको म्हणून मी पदरची भर घातली. म्हटलं, "पेशवाईपासून!"

त्यांनी पण लिहून घेतलं.

* * *

मंदारला आमच्या झिरो पॉइंट नऊवर चढायची, हे मी सांगितलं का? चढायची म्हंजे, दुसऱ्या घोटाला गळा भरून यायचा.

एका रविवारी बिअर संपलेली होती. मी काय केलं, फ्रिजमधला जवाचा थंडगार चहा घेतला. इथं उन्हाळ्यात घरोघरी असतो, दिसायला बिअरसारखाच. त्यात जरा सोडा मारला, वरनं चमच्यानं फेस काढला. म्हटलं, "मंदार, नवीन बॅच."

पहिल्या ग्लासात तो साहेबाला शिव्या देऊ लागला. स्वतःहून दुसरा मागितला, तो अर्धा गेला तर मला मिठी मारली. "तात्या, तुम्ही माझ्या वडलांसारखे!" मग कावासाकीला जायला उठला आन् म्हणतो, "मला धरा, जमीन हलतेय!"

इथं जमीन हलतेय म्हटलं की सगळे पंख्याकडं, दिव्याकडं बघतात. विद्याताईनं गॅसपण बंद केला. दिवा ढिम्म हलेना! हलत होता तो मंदारच.

मी खरं सांगितलं. मंदार दोन रविवार फिरकला नाही. आन् मी तर म्हणतो, त्यानं मागितला होता दुसरा ग्लास. पण विद्याताई म्हणाली, "चहाचा धरत नाही."

डॉक्टरनं मात्र वही उघडली आन् लिहिलं, "हॉप्सचा खर्च : शून्य. परिणाम : उत्तम."

* * *

शेवटी डॉक्टर शहाणा झाला. परदेशातनं हॉप्सचं एकच मोठं पुडकं मागवलं. घाऊक घेतलं की पाकिटापेक्षा निम्म्यानं स्वस्त. फक्त ते फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. ठेवलं. पिशवीला चिमटा लावला. चिमटा लावला असं तो म्हणतो.

त्याच फ्रीजरमध्ये विद्याताईचं मोदकांचं खोबरं होतं.

गणपतीत वीसेक माणसं. शेजारच्या उरायासु गावाहून सुद्धा आलेली. आरती झाली, मोदक वाटले. पहिला घास गेला आन् सगळे चावायचे थांबले. माझ्या तोंडात तर कडुनिंब आन् तूप एकदम! मी डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर बाप्पाकडं बघत होता.

तेवढ्यात उरायासुच्या एक काकू म्हणाल्या, "विद्या, काय गं वेगळाच वास! केवडा घातलास का?"

विद्याताईनं डॉक्टरवरची नजर न काढता सांगितलं, "हो काकू. परदेशी केवडा."

पाहुणे गेले. तिनं पर्समधनं एक स्टिकर काढलं. इथं घरातली मोठी वस्तू टाकून द्यायची तर तिच्यावर लावायला स्टिकर विकत घ्यावं लागतं, मग कचऱ्याची गाडी ती नेते. ते तिनं फ्रिजच्या दारावर लावलं.

"पुढच्या महिन्यात तुझे सेन्सेई जेवायला येतायत ना? त्यांनी दुसरा मागितला तर ठीक. नाहीतर हे बादलीवर जाईल. आन् तू चिकटवशील, तुझ्या हातानं!"

* * *

सेन्सेई म्हंजे डॉक्टरचे मोठे प्रोफेसर, नुकतेच रिटायर झालेले. अतिशय सज्जन माणूस. फोडणीची मिरची चावली तरी 'छान' म्हणणारा.

डॉक्टरनं त्या बॅचमध्ये पुडक्यातलं उरलंसुरलं सगळं घातलं. चार दिवस नीट जेवला नाही. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, बाटली धरून उभा राहिला, लग्नात आंतरपाट धरतात तसा.

सेन्सेईंनी एक घोट घेतला. थांबले. ग्लास उजेडात धरला. आणखी अर्धा घोट घेतला.

"फारच... विशेष आहे," म्हणाले.

मंदारनं माझ्या कानात सांगितलं, "तात्या, संपलं. ऑफिसात माझ्या कोडला पण असंच म्हणतात."

जेवण झालं. माझं वांग्याचं भरीत त्यांनी तीनदा घेतलं. ग्लास तिथंच, अर्धा. विद्याताई उठली, फ्रिजपाशी गेली, स्टिकरचा कोपरा नखानं उचलायला लागली. डॉक्टर बिचारा ताटातल्या मिठाकडं बघत बसला.

एवढ्यात सेन्सेईंनी घसा खाकरला. "सुहास-सान, मागायला संकोच वाटतो. पण ही... अजून आहे का?"

डॉक्टर उठला तो खुर्चीसकट! "आहे! आहे!"

"मग घरी न्यायला, सहा बाटल्या मिळतील?"

सहा! दुसरा ग्लास सोडा, सहा बाटल्या! मंदारनं टाळी वाजवली. डॉक्टरनं बाटल्या वर्तमानपत्रात अशा गुंडाळल्या, जसं तान्हं पोर. विद्याताईनं मात्र स्टिकर परत दाबून बसवलं. "मागितली खरी," म्हणाली. "प्यायली कुठंय अजून? कळू दे, मग बघू."

पंधरा दिवसांनी घरपोच खोकं आलं, सेन्सेईंकडनं. मी तिथंच होतो. डॉक्टर न्हाणीत बादली घासत होता. खोक्यात चार कोबीचे गड्डे. असले घट्ट, हिरवेगार, पानाला एक भोक नाही! वर एक पोस्टकार्ड. सेन्सेईंनी ब्रशनं लिहिलेलं, बाजूला रंगीत चित्र.

मला आपली मराठीच जोडून जोडून वाचता येते, जपानी कुठली? पण चित्र कळतं. कोबीचा वाफा होता. वाफ्यात कोबीशेजारी एक ग्लास, गळ्यापर्यंत मातीत पुरलेला. बिअरनं भरलेला. आन् त्या बिअरमध्ये बिनशंखाच्या गोगलगायी. मोठ्या, लहान, आख्खं खानदान. सगळ्या उताण्या!

विद्याताईनं कार्ड वाचलं. परत वाचलं. माझ्याकडं बघितलं. मी कोबीकडं बघितलं.

न्हाणीतनं डॉक्टरचा आवाज आला. "सेन्सेईंचं आहे ना? काय म्हणतात गं? आवडली का?"

विद्याताई उठली, फ्रिजवरचं स्टिकर सोललं, त्याची गोळी केली.

"सगळ्यांना आवडली म्हणतात," ती म्हणाली. "एकही परत गेला नाही."

"बघ! बघ! मी म्हणत होतो! हॉप्स जरा जास्त झाले होते का, त्याबद्दल काही?"

विद्याताईनं कार्ड पदार्थांच्या वहीत अगदी तळाशी घातलं, विळी पुढं ओढली आन् कोबी चिरायला घेतला.

"लिहिलंय की. पुढच्या वेळी हॉप्स नाही घातलेत तरी चालेल!"