कायमभाऊ आणि बरा झालेला तालुका

कॉम्प्युटरला शिव्या घातल्याशिवाय कायमभाऊ कामाला सुरुवात करत नसे. सकाळी बटण दाबायचं, खुर्ची ओढायची आणि पडद्याकडे बघून म्हणायचं, "उठ बे, सरकारचा जावई हायेस काय?" मशीन सुरू व्हायला वेळ लागला, की त्याच्या खानदानाचा उद्धार. मी शेजारच्या टेबलावर रक्ततपासणीच्या नोंदी घ्यायचे. त्या नोकरीत माझा शब्दसंग्रह फार वाढला.

गोंडपिपरीतली आमची संस्था गावोगाव सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासायची. निकालाप्रमाणे प्रत्येकाचं कार्ड छापणारा प्रोग्राम कायमभाऊने बनवला होता. प्रोग्रामात ज्या नावाची किंमत बदलत नाही, त्याला कॉन्स्टंट म्हणतात. हा त्याला 'कायम' म्हणे. "निरोगी म्हंजे शून्य, वाहक म्हंजे एक, रुग्ण म्हंजे दोन. हे तिघं कायम. मी मातर अकरा महिन्याचा." दर कराराला संस्थेचे साहेब नोकरी कायम करायचं कबूल करत आणि विसरत. शेवटी आम्हीच त्याला कायम करून टाकलं, निदान नावात.

मग नागपूरहून नवे कॉम्प्युटर आले. आम्ही दोघंही तेव्हा गावांच्या दौऱ्यावर होतो. साहेबांना दम कुठला! त्यांनी प्रोग्राम उचलून नव्या मशीनवर टाकला, हौसेने कार्डं छापली आणि वाटायलाही पाठवली. कायमांच्या किमती एका वेगळ्या फाईलमध्ये होत्या आणि ती जुन्या मशीनवरच राहिली होती. नवं मशीन त्या नावांना ओळखेना, आणि अनोळखी नाव दिसलं की प्रोग्राम गुमान शून्य धरायचा. शून्य म्हणजे निरोगी. झालं, अख्खा तालुका ठणठणीत! साहेबांनी बैठकीत टाळ्याही घेतल्या.

आम्ही परतलो त्या दिवशी मैनाबाई मोहफुलांचे लाडू घेऊन दारात उभी. तिची मुलगी सरिता रुग्ण, रोजची गोळी चालू असलेली. "भाऊ, पोरगी बरी झाली जी! गोळ्या बंद केल्या मी." मागे सरिता गुडघा धरून भिंतीला टेकली होती.

तिने पुढे केलेलं नवं कार्ड कायमभाऊ बघत राहिला. तोंडातून एक शिवी निघेना. मग हळूच म्हणाला, "बाई, पोरगी बरी नाई झाली. माह्या मशीननं खोटं सांगतलं. गोळी आजच चालू करा."

 मैनाबाईने लाडवांचा डबा पुढे सरकवला. "लाडू तरी खा. आता घरी नेऊन काय करू?" त्याने खाल्ला.  मला तर रडूच आलं.

त्याने साहेबांना फोन लावला, "सायेब, तालुका अजून आजारीच हाये जी." मग किमती थेट प्रोग्रामातच लिहिल्या आणि अनोळखी नाव दिसताच काम थांबेल अशी ओळ घातली. मशीनला दमही भरला, "नाई समजलं तर बोंबल. शून्य काऊन धरतं बे?" नंतर मोटरसायकल काढून गावोगाव खोटी कार्डं परत घेत फिरला. लोक दारात बसवून चहा पाजत आणि मग तोंडावर बोलत. तो ऐकून घेई.

टाळ्या परत करणं साहेबांना जमलं नाही. त्यांनी कायमभाऊचा करार वाढवला नाही.

आता तो घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात आहे. मला त्याची फार आठवण येते. अधूनमधून फोन करतो. माझी तब्येत विचारत नाही. "सरितानं गोळी खाल्ली काय?"

"हो, खाल्ली."

"ताई, तिले पाहून सांगून राह्यल्या, का कार्ड पाहून?"