नळासमोरचं ‘होय’

मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जास्त प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. त्या बाई मात्र अजून डोक्यातून जात नाहीत, आणि त्यांचं नावही मी विचारलं नाही.

त्यांच्या नातीला पहिलीत घालायचं होतं. जवळच्या दोन सरकारी शाळांची शिक्षण खात्याच्या वेबसाइटवरची माहिती त्यांनी छापून घेतली, कागद काउंटरवर शेजारी-शेजारी मांडले आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून ओळीमागून ओळ खाली सरकू लागल्या. खोल्या, शिक्षक, संडास. ओठ हलत होते, कपाळावर घाम होता. मधेच डावं बोट थांबलं.

“दादा, इथं नळाला पाणी ‘होय’ लिवलंय. ह्या शाळेत मीच खिचडी शिजवते. नळ कोरडा हाय. समोरच्या बोअरवरून रोज मी घागरी आणते.”

उजवं बोट दुसऱ्या कागदावरच्या ‘होय’वर टेकलं.

“मग त्या शाळेत कोण आणत असंल?”

मी प्रिंटचे पैसे सांगितले.

“हे भरतं कोण, दादा?”

“वरून येतं,” मी म्हणालो.

कागदांची घडी घालून त्या गेल्या.

त्यांच्या शाळेचे सर दरवर्षी ही माहिती माझ्याकडूनच भरून घेतात. नळाच्या रकान्यापाशी मी थांबलो की म्हणतात, “गेल्या वर्षीचंच राहू दे.” आणि मी राहू देतो.