मामंजींचा अंगठा

काचेच्या दुकानात सगळ्यात जास्त काय साठतं, सांगा बरं? तुकडे? छे, किस्से! तुकडे निदान झाडून टाकता येतात.

पन्नास-साठच्या दशकात पनवेलच्या बाजारात आमचं दुकान होतं, मागे घर. काच कापली की तिची धार ओल्या दगडावर घासून मोडायची. मग माझे सासरे, मामंजी, कडेवरून अंगठा फिरवून म्हणायचे, "पास!" त्याशिवाय काच दुकानाबाहेर जायची नाही.

*

एका मास्तरांना तसबिरीची काच घाईत हवी होती. "अहो, कडा फ्रेममध्येच जाणार. कोण बघतंय?"

"मास्तर, कोटाच्या आत फाटका सदरा घालता का?"

मास्तरांनी कोटाची बटणं लावली आणि ते बाकावर वाट बघत बसले!

*

उरणची एक कोळीण आरसा न्यायला आली. मामंजी म्हणाले, "जपून धर, बाय."

"आवो शेट, म्हावरा कापून हात दगड झालेत. तुमची काच लागली तरी मना कलनार पन नाय!"

मामंजी मनापासून हसले.

*

दगडावर काच घासायला बसणारा रामा आपटा गावचा. मामंजी एक काच त्याला सारखी परत करत होते, "अजून खरखरते!" शेवटी वैतागून त्याने दुसरीच, न घासलेली काच पुढे केली.

"बघ, आता कशी लोण्यासारखी झाली! पास!"

रामा हसत हसत मागच्या दारी मला सांगायला आला, आणि सांगता सांगता गप्प झाला. "वैनी, शेटना धारच लागत नाय. उद्या कुनाच्या पोराचा हात कापला तर?"

मी ह्यांच्या कानावर घातलं, तर हे म्हणाले, "बाबांचं 'पास' बंद केलं, तर ते दुकानात पाऊल ठेवणार नाहीत."

तेव्हापासून चहाच्या निमित्ताने मी दुकानात जायची आणि पास झालेल्या काचेच्या कडेवरून हळूच जुना पदर फिरवायची. धागा अडकला, की रामा ती पुन्हा घासायचा.

*

दिवाळीत मामंजी ह्यांच्यावर डाफरले, "सूनबाईला नवं पातळ आण! पदराच्या पार दशा झाल्यात."

रामाला असा ठसका लागला, की हातातला चहा सांडला!

*

मग एकदा डॉक्टर कपाटाच्या फळीची काच न्यायला आले. मामंजींनी अंगठा फिरवला. "पास!"

कडेवर लाल रेघ उमटली होती.

"अहो, रक्त!" डॉक्टर ओरडले.

"पानाचा रंग असेल," म्हणत मामंजींनी अंगठा धोतराला पुसला. धोतरही लाल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी अंगठ्याला चिंधी बांधून नेहमीच्या वेळी दुकानात येऊन बसले. मी चहा घेऊन गेले, तेवढ्यात रामाने पहिली काच पुढे केली. ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "सूनबाई, नवा पदर नको. जुनाच लाव."