एउफ्रासियाबाईंचा सत्कार

आमच्या डोंगरातल्या गावात शाळेच्या बाईंना भारी मान. शेतातलं पहिलं कणीस बाईंना, लग्नात पहिलं ताट बाईंना, बाळाला धर्मआई हवी तरी बाईच. फक्त वर्गात काय शिकवायचं नि कुणाला वर चढवायचं, एवढं बाईंनी ठरवायचं नाही. मी शेजारच्याच वर्गावर आहे, मला विचारा.

एउफ्रासिया वामानी दुसरीला शिकवायची, घसा बसेपर्यंत शिकवायची. पोरं घरी केचुआ बोलतात, शाळेची भाषा त्यांना कळत नाही, म्हणून आधी केचुआतून अक्षरं शिकवू का, असं तिनं मुख्याध्यापक तेओफानेस सरांना विचारलं. "वरून तसं आलेलं नाही," सर म्हणाले. वर्षं गेली, वरून काही आलं नाही.

मग तिच्या वर्गात निल्दा आली. सरपंच साबिनोंची मुलगी, एउफ्रासियाची धर्मलेक; त्या नात्यानं सरपंच नि बाई एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणायचे. पोरीला वाचता येईना, म्हणून एउफ्रासियानं तिला दुसरीतच ठेवलं. सरपंच तडक शाळेत.

"कोमाद्रे, स्वतःच्या धर्मलेकीला नापास करता?"

"एक वर्ष द्या, कोम्पाद्रे. वाचायला शिकवते तिला."

"आणि मी गावात तोंड कुठं दाखवू?"

तेओफानेस सरांनी निकाल फिरवला. "बाई, मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं नसतं," एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

तेव्हापासून एउफ्रासिया विझली. खुर्चीत बसून राहायची, पोरं फळ्यावरचं उतरवून घ्यायची, सगळी पास. मी भांडले तिच्याशी. "अगं, काय चालवलंयस हे?"

"माझ्या हातात आहे काय? खडूसुद्धा मागून घ्यावा लागतो," ती म्हणाली. "मग उगाच कशाला मरायचं?"

तिच्या बोलण्यात रागसुद्धा उरला नव्हता. संताप मला आला, तिचा नाही, गावाचा.

आणि गाव? गाव खूश! बाई रागवत नाहीत, कुणी नापास होत नाही. "बाई किती निवळल्या!" म्हणत लोक भाजलेले कूई, म्हणजे आमच्याकडचे गिनीपिग, नि बटाट्याची पोती तिच्या दारात आणून टाकू लागले. आधी बाईला मारलं, मग नैवेद्य दाखवला.

यंदा जुलैत, आमच्याकडच्या शिक्षकदिनाला, तिचा सत्कार झाला. बँड, हार, सगळं. मानपत्र वाचायला उभी कोण, तर निल्दा, आता सहावीतली. खणखणीत म्हणाली पोरगी, एकदाही हातातल्या कागदाकडे न बघता. टाळ्यांचा कडकडाट.

"पाठ केलंय हिनं," मी कुजबुजले.

"ठाऊक आहे," एउफ्रासिया म्हणाली आणि टाळ्या वाजवत राहिली.

सरपंचांनी तिच्या हाती पितळी पाटी दिली. 'आमच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईंना,' असं तिच्यावर कोरलं होतं. निल्दा धावत आली, अक्षरांवरून बोट फिरवत धर्मआईला म्हणाली, "माद्रिना, काय लिहिलंय हो यावर?"

पूर्वीची एउफ्रासिया असती तर पोरीला तिथंच मांडीशी बसवून एकेक अक्षर लावायला लावलं असतं. ही म्हणाली, "काही नाही गं, माझं नाव आहे. जा, जेवून घे."