तुरुंगात कुणाला धाडायचं

नवलसिंगसारखा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. तोरणमाळच्या पायथ्याचा पावरा आदिवासी. सन छत्तीसात बी.ए. होऊन शहाद्याला माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन राहिला. जूनमध्ये पुण्याला लॉ कॉलेजात जायचं होतं. "युसुफभाई, आमच्या डोंगराच्या बाजूनं कोर्टात बोलायला कुणीच नाही. मी बोलणार," हे एकच खूळ. मी मशीन चालवायचो आणि हा कायद्याचं पुस्तक उघडून माझ्याशी भांडायचा. आमच्या लुटुपुटीच्या खटल्यात सरकारी वकील मी! या अल्ला, उन्हाळाभर डोकं पिकवलं त्यानं माझं.

तशात सागाची झाडं तोडली म्हणून त्याच्या बापाला, वीरसिंगबाबाला, जंगलखात्यानं धरलं. बाबानं लगेच कबूलही केलं. आता झाडं पडली त्या दिवशी बाबा माझ्या दुकानात बंडीचं माप देत बसला होता! "तुम्ही साक्ष द्या, बाबा सुटलाच," नवलसिंग म्हणाला. मी म्हटलं, "फिकीर करू नको, मी शे ना!"

आम्ही कचेरीच्या कोठडीशी गेलो. बाबा बोलला पावरीत, मला ती उमजते. "झाडं आपल्या गावच्या वाहरूनं तोडली, घराला लाकूड हवं होतं. त्याची बायको आज-उद्या बाळंत होईल. गाव बसलं. कुणाशिवाय भागेल ते पाहिलं. माझ्याशिवाय भागतं."

त्यांच्या गावाची ही रीतच. गुन्हा कुणाचाही असो, आत कुणी जायचं ते गाव ठरवतं.

"पण तू काहीच केलं नाहीस, बाबा!"

"मग सांग साहेबाला. तो विचारेल, तोडलं कुणी? कुणाचं नाव घेशील?"

उन्हाळाभर मला धारेवर धरणारं हे पोर आता चिडून म्हणालं, "जळो ती वकिली. मी नाही जात पुण्याला. घरी राहून पेरणी करतो."

म्हातारा असा भडकला! "पेरायला गावात माणसं आहेत. तुझं काम करायला कोण आहे? मी आत बसतो, तू शिक."

खटल्याच्या दिवशी नवलसिंग मागच्या भिंतीशी उभा होता. मी साक्ष दिली नाही. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

साहेबानं विचारलं, "गुन्हा कबूल?"

"हो."

"तुझ्या बाजूनं बोलणारा कुणी आहे?"

बाबानं मागं वळून लेकाकडं पाहिलं. "दोन वर्षांनी असेल, साहेब. आज नाही."