चंपाताईंचा पहिला घोट

पाहुण्यासाठी चहा ओतला की चंपाताई कप पुढे करण्याआधी त्यातला घोटभर बशीत घेऊन स्वतः प्यायच्या. मग पदराने ओठ टिपून म्हणायच्या, "घ्या आता. मी जित्ती हावो." त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी कप हातात आला की मला ते वाक्य आठवतं. आमच्या वणीच्या कॉलनीत या सवयीचं कुणाला नवल वाटत नसे, कारण ती वेळ कॉलनीनेच त्यांच्यावर आणली होती.

उभं तारुण्य त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत घालवलं. दिवाळी झाली की पत्र्याची पेटी घेऊन चंद्रपूरच्या बसमध्ये बसायच्या, त्या होळीलाच परतायच्या. कधी सोशिक सून, कधी राणी. टाळ्या भरपूर मिळाल्या, ओळख मात्र वैनगंगेच्या काठालाच राहिली. उतारवयात एका मालिकेत काम मिळालं, दुधात विष कालवणाऱ्या काकूचं. सगळा जिल्हा त्यांना ओळखू लागला आणि त्यांच्या घरचा चहा कुणी पिईना. कुणाचा उपास निघायचा, कुणाला ॲसिडिटी व्हायची. "टीव्हीतलं खोटंच राह्यते, समजते मले," माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पण मन नाही धजत."

मी मुळातच संशयी, भाजीवालीचं पारडं दोनदा बघणारी. माझी शंका मात्र विषाची नव्हती. ही बाई बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणायची, त्यातलं खरं कोणतं ते मला कळत नसे. एकदा तोंडावरच विचारलं. त्या हसल्या. "रडू कांद्यानंबी येते. तू माणसाचे हात पाह्य. तोंड शिकवलेलं राह्यते, हात नाही." तेव्हापासून मी त्यांचे हात बघू लागले. डोळे भरून आले तरी ते कायम स्थिर असत, त्यामुळे माझा संशय उलट वाढला.

त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, मायबाप नसलेली भावाची मुलगी रोशनी. तिला मारेगावचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनातलाच होता. पण त्याच्या आईने निरोप धाडला, पोरगी पसंत आहे, ती विषवाली आत्या मात्र कार्यात दिसायला नको. निरोप ऐकून चंपाताई मला म्हणाल्या, "पाहण्याचा कार्यक्रम तुह्या घरी कर. आत्या शूटिंगले गेली म्हण. चहाले एक बाई पाठवतो मी."

पाहुणे बसले आणि स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन ती बाई आली. विटकं लुगडं, कपाळावर ओढलेला पदर, एका पायाने लंगडत. समोरच्या दातांची कवळी काढल्याने गाल आत गेलेले. मीसुद्धा क्षणभर ओळखलं नाही. मुलाच्या आईने कप संपवला आणि दुसरा मागितला. "पाह्यलं मी त्या आत्याले टीव्हीवर. तिचे डोयेच वाईट हायेत."

"हो ना माय," चंपाताई ओतता ओतता म्हणाल्या, "लय बेकार बाई."

निघताना मुलाची आई मला म्हणाली, "लग्नात चहा याच बाईच्या हातचा पाहिजे."

म्हणून लग्नाच्या दिवशी कन्यादान आम्ही नवराबायकोने केलं आणि चंपाताई मांडवामागे शेगडीपाशी बसल्या. मला राहवलं नाही. "ताई, वाईट नाही वाटत?"

"लग्न मोडलं तर वाटन. आज माहा पार्ट चहावालीचा हाय. पडदा पडेपर्यंत लंगडावंच लागते." चेहरा हसरा होता. मी हात पाहिले. चहा गाळताना ते थरथरत होते.

पाठवणीच्या वेळी रोशनी गाडीपर्यंत गेली, तिथून वळली आणि सगळ्यांना मागे टाकून थेट शेगडीकडे आली. चहावालीच्या गळ्यात पडून "आत्या" म्हणाली आणि रडत राहिली. विहीणबाई तिथेच उभ्या होत्या, नुकताच घेतलेला चहा हातात. त्यांनी त्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पोरीचं काही खरं नाही.

चंपाताईंनी रोशनीला बाजूला केलं, पदर मागे सारला आणि बशी घेऊन न लंगडता पुढे आल्या. त्यांनी विहीणबाईंच्या कपाकडे हात केला, पहिल्या घोटासाठी.

विहीणबाईंनी कप मागे ओढला. "राहू द्या," म्हणाल्या, आणि उभ्याउभ्याच सगळा पिऊन टाकला.